म्युऑनचे आयुष्य मोजणारा डिटेक्टर: नाशिकच्या एका प्रयोगशाळेतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी वैश्विक किरणांतल्या म्युऑनचे (इलेक्ट्रॉनसारखा, पण त्याहून जड आणि अल्पायुषी कण) आयुष्य मोजायचे ठरवले. मार्गदर्शक प्राध्यापिका आणि विभागातले अनुभवी प्रयोगशाळा सहायक सोबत होते. अशा प्रकल्पात सहसा पुस्तकातल्या आकड्याच्या आसपास काहीतरी आले की वही बंद होते. इथे उद्दिष्ट जरा कडक होते: अर्ध्या टक्क्याच्या आसपास अचूकता, आणि तीही का मिळाली हे सांगता येईल अशी.

मुक्त म्युऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.१९७ मायक्रोसेकंद आहे. हे अर्धायुष्य नव्हे. अर्धायुष्य १.५२ मायक्रोसेकंद येते, आणि तोंडी परीक्षेत ही गल्लत दरवर्षी होते. रॉसी आणि नेरेसन यांनी १९४३ मध्ये वैश्विक किरणांवरूनच २.१५ ± ०.०७ हा आकडा काढला होता. आजचा सर्वांत अचूक आकडा स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेतल्या म्युलॅन प्रयोगाने २०११ मध्ये दिला: २.१९६९८०३ ± ०.०००००२२ मायक्रोसेकंद. त्यासाठी त्यांनी एक लाख कोटींहून जास्त क्षय मोजले. मापनातली यादृच्छिक चूक नोंदींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून अर्ध्या टक्क्याला सुमारे चाळीस हजार नोंदी पुरतात आणि दशलक्षात एकाला एवढा डोंगर लागतो.

समुद्रसपाटीला आडव्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन पडतो. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे थोडे जास्तच मिळतात. पण यातले बहुतेक डिटेक्टर ओलांडून निघून जातात. आत थांबून क्षय पावणारे म्युऑन एक किलो सिंटिलेटरमागे (कण गेला की चमकणारा पदार्थ) दिवसाला चार-पाचशे एवढेच. डिटेक्टर किती मोठा हवा हे या एका आकड्याने ठरले.

मांडणी

प्लास्टिक सिंटिलेटरचा ४० × २० × १० सेंटीमीटरचा ठोकळा, वजन सव्वाआठ किलो. तो कडेला थोडा खरवडलेला होता, म्हणून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये टोके तासून घ्यायची होती. आधी वाया गेलेल्या तुकड्यावर चाचणी घेतली ते बरे झाले. नेहमीचे कटिंग ऑइल लागताच दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटले. प्लास्टिक सिंटिलेटरला तेल, ॲसिटोन, थिनर काहीही चालत नाही, आणि बोटांचा घामसुद्धा कालांतराने पृष्ठभाग खराब करतो. मग ठोकळ्याचे काम फक्त पाण्यावर, मंद वेगाने झाले. टोके ४००, ८००, १२०० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यातच घासली, शेवटी प्लास्टिकच्या पॉलिशने. धुण्यासाठी सौम्य साबण, हाताळायला सुती हातमोजे.

ठोकळ्याभोवती ॲल्युमिनियम फॉइल सैल गुंडाळली. ती चिकटवून टाकली तर पृष्ठभागावरचे संपूर्ण आंतरिक परावर्तन बिघडते आणि प्रकाश वाया जातो. वर काळ्या कागदाचे दोन थर, त्यावर काळी इन्सुलेशन टेप. एका टोकाला दोन इंची फोटोमल्टिप्लायर नळी, म्हणजे पीएमटी, सिलिकॉन ग्रीस लावून बसवली; ती क्षीण प्रकाशाची विजेची पल्स करते. ही नळी जुन्या प्रयोगातून काढलेली होती. प्रकाश आत शिरतो का हे पाहायला खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च सांध्यासांध्यावरून फिरवला. पीएमटीच्या मानेपाशी मोजणी एकदम उसळली. तिथे आणखी टेप लागली.

पीएमटीची पल्स दोन टप्प्यांच्या ऑप-ॲम्प वर्धकातून डिस्क्रिमिनेटरकडे (ठरावीक उंचीवरच्याच पल्स पुढे सोडणारा परिपथ) आणि तिथून एफपीजीए बोर्डाकडे (हवे तसे काम ठरवून देता येणारी चिप) जात होती. वर्धकातून बाहेर पडणारी पल्स सुमारे १०० नॅनोसेकंद रुंद होती. एफपीजीएचे काम सोपे: पहिली पल्स आली की २० मायक्रोसेकंदांची खिडकी उघडायची, त्यात दुसरी आली तर मधला वेळ १० नॅनोसेकंदांच्या घरात नोंदवायचा, नाही आली तर विसरून जायचे. पहिली पल्स म्युऑन थांबल्याची, दुसरी त्याच्या क्षयातून निघालेल्या इलेक्ट्रॉनची.

थ्रेशोल्ड, म्हणजे पल्स मोजली जायला लागणारी किमान उंची, ५० मिलीव्होल्टवर ठेवला; या मांडणीत ते साधारण ५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक). तो एवढा वर का, याचे कारण पार्श्वमोजणी. भिंतींतल्या आणि फरशीतल्या नैसर्गिक गॅमा किरणांची ऊर्जा २.६ एमईव्हीपर्यंत जाते. थ्रेशोल्ड २ एमईव्हीला ठेवून पाहिला तेव्हा मोजणी सेकंदाला १९ वरून १४० वर गेली. योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या मोजणीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. सेकंदाला १९ असताना दिवसाला सुमारे ६२५ खोट्या जोड्या येतात, १४० ला जवळजवळ ३४ हजार. खऱ्या नोंदी दिवसाला तीन-साडेतीन हजारच. थ्रेशोल्ड खाली आणून जास्त इलेक्ट्रॉन पकडू, हा मोह इथेच सोडून दिला गेला.

घड्याळाची खात्री पहिल्याच दिवशी केली. पल्स जनरेटरने १, २, ५ आणि १० मायक्रोसेकंदांच्या अंतराच्या जोड्या दिल्या आणि त्या जागच्या जागी नोंदल्या गेल्या. स्फटिक घड्याळाची चूक दशलक्षात शंभराहूनही कमी असते, इथे ती विचारातही घेण्याजोगी नव्हती.

अडचण

पहिल्या चार दिवसांत सुमारे चौदा हजार नोंदी जमल्या. एक घातांकी वक्र अधिक सपाट पार्श्वमोजणी असा फिट, म्हणजे नोंदींवर बसवलेला वक्र, ०.२ मायक्रोसेकंदांपासून केला. आयुष्य आले १.९३ ± ०.०२.

पहिले स्पष्टीकरण लगेच पुढे आले: ऋण म्युऑन कार्बनच्या केंद्रकात पकडले जातात म्हणून आयुष्य कमी येते. गोष्ट खरी आहे, पण हिशेब जुळत नाही. कार्बनमध्ये ऋण म्युऑनचे आयुष्य २.०२६ मायक्रोसेकंद असते. वैश्विक किरणांत धन म्युऑन ऋणांपेक्षा थोडे जास्त असतात, दोन्हींचे मिश्रण धरले तर अपेक्षित आकडा सुमारे २.१२ येतो. सगळेच्या सगळे म्युऑन ऋण असते तरी २.०२६ च्या खाली जाता आले नसते. १.९३ चे कारण डिटेक्टरमध्येच होते.

हा २.१२ चा आकडा वहीत लिहिला गेला आणि मग मागे पडला. पुढे तोच कामी आला.

मग फिटची सुरुवात सरकवून पाहिली. ०.२ पासून १.९३, ०.६ पासून २.०२, १ पासून २.०८, २ मायक्रोसेकंदांपासून २.१४ ± ०.०४. खरा घातांकी क्षय कुठूनही मोजायला सुरुवात केली तरी तेच आयुष्य देतो. इथे सुरुवातीच्या दीडेक मायक्रोसेकंदात काहीतरी जास्तीचे भरले गेले होते.

कोणते पर्याय होते

सर्वांत स्वस्त पर्याय होता फिट २ मायक्रोसेकंदांपासून करून मोकळे व्हायचे. साठ टक्के नोंदी वाया गेल्या असत्या, पण आकडा सभ्य दिसला असता. प्राध्यापिकांनी तो नाकारला, आणि ते योग्यच होते. कारण न कळलेला दोष २ मायक्रोसेकंदांनंतर थांबतो असे मानायला काहीच आधार नव्हता.

दुसरा संशय लोखंडावर होता. ठोकळा लोखंडी अँगलच्या रॅकवर, तीन मिलिमीटर पत्र्यावर ठेवलेला होता. म्युऑन सिंटिलेटर ओलांडून पत्र्यात थांबला आणि तिथून काही परत वर आले, तर तीही जोडी नोंदली जाते. लोखंडात ऋण म्युऑनचे आयुष्य जेमतेम ०.२ मायक्रोसेकंद. संशय वाजवी होता, तपासणीही सोपी होती, म्हणून आधी तेच केले. सागवानी टेबल आणले, आसपासची लोखंडी कपाटे दोन मीटर दूर सरकवली आणि पुन्हा चार दिवस मोजले. आकडा १.९५ ± ०.०२ आला, म्हणजे फरक चुकीच्या मर्यादेतच. कागदावर आधी हिशेब केला असता तर हे दिसले असते. पत्र्याचे वजन ठोकळ्याच्या चौथ्या भागाहून कमी, त्यात ऋण म्युऑन निम्म्याहून कमी, आणि लोखंडात त्यांतले दहात नऊ क्षय न पावता पकडले जातात. लाकडी टेबल राहू दिले, ते चांगलेच असते. मात्र मुख्य दोषी दुसरा होता.

तिसरा संशय पीएमटीच्या आफ्टरपल्सवर. नळीत उरलेल्या वायूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने आयनित होतात, ते आयन उलटे फोटोकॅथोडवर आपटतात आणि मूळ पल्सनंतर काही शे नॅनोसेकंद ते काही मायक्रोसेकंदांनी दुसरी खोटी पल्स उठते. म्हणजे नेमकी म्युऑनच्या आयुष्याच्या टप्प्यात. जुन्या नळीत हे वाढते, कारण हेलियम काचेतून हळूहळू आत झिरपतो. हेलियमचा सिलिंडर असलेल्या खोलीत पीएमटी कधीच ठेवू नये, ते यासाठीच.

तपासणीसाठी निळा एलईडी ठोकळ्याच्या कडेला बसवून छोटे झोत दिले. ४०० मिलीव्होल्टच्या झोतामागे जवळजवळ काही आले नाही. ९०० मिलीव्होल्टला दर हजार झोतांमागे बारा खोट्या पल्स, बहुतेक ०.३ ते १.५ मायक्रोसेकंदांत. सापडला. मोठ्या पल्स कमीच असतात, पण दिवसाला सोळा लाख पल्स येत असतील तर तीन हजारांत एक आफ्टरपल्ससुद्धा खऱ्या नोंदींमध्ये पंधरा टक्के भेसळ करायला पुरते.

काय केले

नवी नळी मागवायची तर काही महिने गेले असते. थ्रेशोल्ड वर न्यायचा तर इलेक्ट्रॉनही गेले असते. विभागातल्या जुन्या गॅमा वर्णपटमापीत आणखी एक पीएमटी होती. तो प्रयोग एका सत्रापुरता बंद ठेवून ती ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसवायची आणि दोन्ही नळ्यांत ६० नॅनोसेकंदांच्या आत पल्स आली तरच मोजायची, असे ठरले. खरा प्रकाश दोन्हीकडे पोहोचतो, आफ्टरपल्स सहसा एकाच नळीत उठते.

इथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. दोन्ही नळ्या एकाच बनावटीच्या असत्या आणि व्होल्टेजही सारखे असते, तर दोघींतले हेलियमचे आयन साधारण एकाच वेळी परत आले असते आणि योगायोग वाढले असते. दुसरी नळी वेगळ्या आकाराची होती हे म्हणून सोयीचेच ठरले. एलईडीची चाचणी पुन्हा केली: ९०० मिलीव्होल्टच्या एक लाख झोतांमागे चार.

पावसाळ्यातला एक त्रास यातच उरकला. जुलैच्या दमट हवेत पीएमटीच्या सॉकेटवरून व्होल्टेज गळून बारीक पल्स उठत होत्या. सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ठोकळ्याला तो थेंबही लागू न देता, डब्यात सिलिका जेल ठेवल्यावर त्या थांबल्या. वीज जाते म्हणून आणलेला साधा इन्व्हर्टर ऑसिलोस्कोपवर कचरा टाकत होता, त्याजागी ऑनलाइन यूपीएस लावला.

नव्या मांडणीत चार दिवस मोजले. बारा हजार नोंदी, फिट ०.४ मायक्रोसेकंदांपासून. आकडा आला २.१८ ± ०.०२.

बरोबर दिसणारा आकडा

या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण हाच. पुस्तकात २.१९७, हातात २.१८, चूक ०.०२. प्रकल्प अहवालाची मुदत तीन आठवड्यांवर. अहवालातले आलेख छापून झाले होते.

अडले ते एका विद्यार्थ्याने तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी जुनी वही उघडली म्हणून. तिथे अपेक्षित आकडा २.१२ लिहिलेला होता. प्लास्टिकमध्ये वैश्विक म्युऑन मोजून मुक्त म्युऑनचे आयुष्य येऊच शकत नाही, ऋण म्युऑनांचा वाटा कुठेतरी दिसलाच पाहिजे. म्हणजे २.१८ हे पुस्तकाच्या जवळ आणि भौतिकशास्त्रापासून तीन प्रमाण विचलने दूर होते.

तीन विचलने योगायोगानेही होतात. फिटची सुरुवात सरकवली तर १ पासून २.१७, २ पासून २.१५ ± ०.०३ असा आकडा हळूहळू उतरत होता, पण चुकीच्या मर्यादा पाहता त्यावरून काही ठाम म्हणता येत नव्हते. नुसत्या जास्त नोंदी जमवायच्या की डिटेक्टर पुन्हा उघडायचा? जास्त नोंदींनी एवढेच कळले असते की आकडा खरोखर चुकीचा आहे, का चुकीचा आहे ते नाही. म्हणून डिटेक्टर उघडला.

आयुष्य जास्त येते याचा अर्थ सुरुवातीच्या काळातल्या नोंदी हरवताहेत. दोष पहिल्या पल्सनंतरच्या वेळाशी बांधलेला असेल तरच तो आयुष्य बिघडवतो. वीस मायक्रोसेकंदभर सारखीच दहा टक्के कार्यक्षमता कमी असली तर नोंदी घटतात, आयुष्य तसेच राहते. दिवसा खोली तापून पीएमटीचे वर्धन उतरले तरी तेच. शोधायचे होते ते पहिल्या पल्सने मागे सोडलेले काहीतरी.

एलईडीने ४०० मिलीव्होल्टचा एक झोत देऊन वर्धकानंतरची बेसलाइन, म्हणजे पल्स नसतानाची पातळी, स्कोपवर मोठी करून पाहिली. झोतानंतर ती शून्याच्या खाली गेली होती: ०.५ मायक्रोसेकंदाला १६ मिलीव्होल्ट, २ मायक्रोसेकंदांना ७, आणि ६ मायक्रोसेकंदांनंतर जेमतेम १. कारण वर्धकाच्या दोन टप्प्यांमध्ये होते. तिथे १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि पुढे २ किलोओहमचा रोध, कालस्थिरांक २ मायक्रोसेकंद. कॅपॅसिटरमधून गेलेल्या पल्सचे क्षेत्रफळ शून्य व्हावेच लागते, म्हणून १०० नॅनोसेकंदांची ४०० मिलीव्होल्टची पल्स मागे २० मिलीव्होल्टचा खड्डा सोडते आणि तो २ मायक्रोसेकंदांच्या गतीने भरतो. थ्रेशोल्ड ५० चा, पण खड्ड्यात बसलेल्या इलेक्ट्रॉनच्या पल्सला ०.५ मायक्रोसेकंदाला प्रत्यक्षात ६६ मिलीव्होल्ट उंची लागत होती. आधी साठवलेल्या उंचींच्या वर्णपटावरून ५० ते ६६ च्या मधल्या पल्स सुमारे ११ टक्के होत्या. त्या सुरुवातीला हरवत होत्या, नंतर सापडत होत्या. हिशेब केला तर आयुष्य ०.०६ ने वाढायला हवे. तेवढेच वाढले होते.

हा दोष पहिल्या दिवसापासून होता. १.९३ मध्येही तो होता, आफ्टरपल्स आकडा खाली ओढत होत्या आणि हा वर. एक दोष काढल्यावर दुसरा उघडा पडला, तोही पुस्तकाच्या दिशेने.

कॅपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा बसवला. कालस्थिरांक २०० मायक्रोसेकंद झाला, खड्डा ०.२ मिलीव्होल्टवर आला. सेकंदाला १९ पल्स असताना बेसलाइनला सावरायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे दुसरा काही तोटा नव्हता. मग दोन झोतांची चाचणी: मोठा झोत, त्यामागे ०.४ ते १० मायक्रोसेकंदांनी ५५ मिलीव्होल्टचा छोटा झोत. पूर्वी छोटा झोत २ मायक्रोसेकंदांच्या आत दिसतच नव्हता, आता सगळ्या अंतरांवर सारखाच दिसू लागला.

निष्पत्ती

विभागाने अहवालाची मुदत वाढवून दिली. जानेवारीत चौदा दिवस सलग मोजले. नाशिकच्या थंडीत पहाटे खोली १३ अंशांवर आणि दुपारी २६ वर जात होती, म्हणून दर तासाला एलईडीच्या पल्सची उंची नोंदवली. ती काही टक्के हलली, मोजणीही हलली, पण थंड आणि उबदार तासांचे वेगवेगळे फिट एकमेकांशी जुळले.

एकूण नोंदी ४२ हजार. फिट १०० नॅनोसेकंदांच्या घरांवर, महत्तम संभाव्यता पद्धतीने. नेहमीचा कमीतकमी वर्गांचा फिट शेपटीच्या विरळ घरांत पार्श्वमोजणी कमी लेखतो आणि आयुष्य किंचित वाढवतो. आकडा: २.१२१ ± ०.०१२ मायक्रोसेकंद. फिटची सुरुवात ०.४ पासून ४ मायक्रोसेकंदांपर्यंत कुठेही ठेवली तरी तो चुकीच्या मर्यादेत स्थिर राहिला. १२ ते २० मायक्रोसेकंदांतली पार्श्वमोजणी एकट्या मोजणीदरावरून काढलेल्या अपेक्षेशी तीन टक्क्यांच्या आत जुळली. ही तपासणी फुकट मिळते आणि तरी फार थोडे लोक ती करतात.

कार्बनमधले २.०२६ आणि मुक्त २.१९७ धरून धन-ऋण म्युऑनांचे गुणोत्तर काढले तर १.१५ ± ०.३३. ज्ञात गुणोत्तर १.२ ते १.३ च्या आसपास आहे. मापन त्याच्याशी विसंगत नाही, पण त्यावर काही बोलण्याइतके धारदारही नाही, आणि अहवालात ते तसेच लिहिले. अर्ध्या टक्क्याचे उद्दिष्टही थोडे हुकले: पार्श्वमोजणीमुळे ०.५७ टक्क्यांवर थांबावे लागले.

वेगळे काय करता आले असते

दोन झोतांची चाचणी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. लागले असते ते दोन एलईडी, एक पल्स जनरेटर आणि एक दुपार. घड्याळ तपासायला जोड्या थेट एफपीजीएला दिल्या गेल्या, त्यामुळे घड्याळ तपासले गेले, वर्धक नाही. तीच जोडी प्रकाशाच्या रूपात ठोकळ्यात दिली असती तर आफ्टरपल्स आणि खड्डा दोन्ही त्याच दिवशी दिसले असते.

लोखंडासाठी गेलेले दहा दिवस अर्ध्या पानाच्या हिशेबाने वाचले असते. संशय कितीही वाजवी असला तरी त्याचा परिणाम किती मोठा असू शकतो हे आधी काढावे, मग टेबल हलवावे.

आकडा झाकून ठेवायला हवा होता. म्युलॅन प्रयोगात विश्लेषण करणाऱ्यांना घड्याळाची खरी वारंवारता माहीतच नव्हती. सगळ्या तपासण्या संपल्यावर ती उघड झाली. इथे तेच करणे सोपे होते: एफपीजीएने मोजलेला प्रत्येक कालावधी एका गुप्त गुणकाने पाच टक्क्यांच्या आत बदलायचा, गुणक फक्त प्रयोगशाळा सहायकांकडे बंद पाकिटात. मग २.१८ हे २.१८ म्हणून दिसलेच नसते आणि आलेख छापायची घाई झाली नसती. पुढच्या तुकडीसाठी हा गुणक आता कोडमध्ये घातला आहे.

एक निर्णय अजून खुला आहे. ठोकळ्याखाली आठ-दहा मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा ठेवून खाली दुसरा पातळ सिंटिलेटर लावला, तर तांब्यात थांबलेले ऋण म्युऑन लवकर पकडले जातील आणि नंतरच्या काळात जवळजवळ केवळ धन म्युऑन उरतील. मुक्त आयुष्य मग सरळ मोजता येईल. पण दुसऱ्या सिंटिलेटरला तिसरी पीएमटी लागते, आणि गॅमा वर्णपटमापी पुढच्या सत्रात परत द्यायचा आहे.